चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि सव्वा कोटी घरं

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी जरा भरकटतो, ते इथे थोडं आवरलंय.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. समजा तुम्ही एखाद्या संस्थेला मदत केलीत. वर्षभराने त्यांचा अहवाल आला. अमुक इतकी गावं, तमुक इतके हजार लाभार्थी, सोबत हसऱ्या मुलांचे फोटो. तुम्हाला बरं वाटलं, तुम्ही अहवाल मिटला. पण त्या गावात शिकवलेलं महिन्याभराने कुणाच्या लक्षात होतं का? लक्षात होतं, तर ते कुणी वापरलं का?

हा प्रश्न संस्थांना आवडत नाही, कारण उत्तर बऱ्याचदा वाईट येतं. आजची गोष्ट आहे बांगलादेशातल्या एका संस्थेची. तिने हा प्रश्न स्वतःलाच विचारला, उत्तर वाईट आलं, आणि तरीही ते लपवलं नाही.

हिशेबनीस माणूस

फझले हसन आबेद. जन्म १९३६, आजच्या बांगलादेशातल्या हबीगंज भागातलं बानियाचोंग गाव, खातंपितं घर. हा मुलगा ग्लासगोला गेला जहाजबांधणी शिकायला. तिथून मन उडालं, मग लंडनला जाऊन अकाउंटंट झाला. पुढे चितगावला एका मोठ्या तेल कंपनीत हिशेब खात्याचा प्रमुख. म्हणजे बघा, समाजसेवेशी दूरदूरचा संबंध नाही. चांगला पगार, चांगला बंगला.

नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळ आलं. बंगालच्या उपसागराचं पाणी बेटांवर चढलं आणि लाखो माणसं गेली. नेमका आकडा आजही कुणी सांगू शकत नाही, पण अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. आबेद आणि मित्रांनी मनपुरा बेटावर मदतीचं काम सुरू केलं. तिथे जे पाहिलं, त्यानंतर तेल कंपनीतली खुर्ची परकी वाटायला लागली, असं ते पुढे सांगायचे.

काही महिन्यांतच १९७१ चं युद्ध पेटलं. आबेद लंडनला निसटले आणि बांगलादेशच्या बाजूने मदत गोळा करायला लागले. देश स्वतंत्र झाल्यावर लंडनमधला आपला फ्लॅट विकून ते परतले. १९७२ मध्ये सिल्हेट भागातल्या शाल्ला नावाच्या दुर्गम इलाख्यात काम सुरू झालं. भारतातून परतलेले निर्वासित, जळालेली घरं, गेलेल्या होड्या. घरं उभी करायची, मासेमारांना होड्या द्यायच्या, एवढंच ठरलं होतं. संस्थेचं नाव बांगलादेश रिहॅबिलिटेशन असिस्टन्स कमिटी, थोडक्यात ब्रॅक. फ्लॅटचे पैसे, ऑक्सफॅमचा निधी आणि मूठभर माणसं. आज ब्रॅकचं नाव जगातल्या सगळ्यात मोठ्या संस्थांमध्ये घेतलं जातं, पण तेव्हा ती खरोखर लहान होती. वर्ष-दोन वर्षांत काम संपवून घरी जायचं, असाच बेत होता.

घरं बांधून झाली. तरी गरिबी तिथेच. मग प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग काढले. लोक उत्साहाने आले आणि हळूहळू यायचे बंद झाले. का? कारण दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाला रात्री कंदिलाखाली अक्षरं गिरवून काय मिळणार, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच सुमारास आबेद यांच्या वाचनात ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी आले. शिक्षण म्हणजे रिकाम्या भांड्यात पाणी ओतणं नव्हे, असं मांडणारा हा माणूस. ब्रॅकने धडे बदलले. कर्ज, जमीन, मजुरी, आजारपण यांवर आधी बोलणं आणि मग अक्षरं.

वर्ग रिकामे पडले तेव्हा लोकांना दोष न देता स्वतःचे धडे तपासायचे, ही सवय इथे लागली. पुढच्या कामात ती उपयोगी पडणार होती.

आतड्यातला दरवाजा

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, दोन मिनिटांत आटपतो.

जुलाब झाल्यावर मूल मरतं ते बहुतेक वेळा जंतूमुळे थेट मरत नाही. अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात, म्हणून मरतं. मग पाणी पाजा की! पण कॉलऱ्यात नुसतं पाणी आतड्यात टिकत नाही. मीठपाणीही पुरेसं शोषलं जात नाही. म्हणून शतकभर उपाय एकच: शिरेतून सलाईन. त्यासाठी बाटली हवी, सुई हवी, डॉक्टर हवा. खेड्यात यातलं काहीच नसतं.

१९६० च्या सुमारास रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने दाखवलं की आतड्याच्या भिंतीत एक वेगळाच दरवाजा असतो. सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आले की तो उघडतो, आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत येतं. कॉलऱ्यातही हा दरवाजा शाबूत असतो. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी रुग्णांवर हे सिद्ध केलं. योग्य प्रमाणात मीठ-साखरेचं पाणी पाजलं की सलाईनची गरज खूपच कमी होते.

तरी मोठमोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसेना. दवाखान्यात तज्ज्ञांच्या देखरेखीत ठीक आहे, पण अडाणी नातेवाइकांच्या हातात हे कसं द्यायचं?

याचं उत्तर आपल्या देशात मिळालं. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. दवाखान्यात दोन खोल्या, रुग्ण जमिनीवर, सलाईन संपत आलेलं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं भरली, पिंपात द्रावण केलं आणि नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीच पाजा. आधी दर शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते. ते प्रमाण चारच्या खाली आलं. १९७८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकाने या उपचाराला शतकातला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण मिळाला २०२३ मध्ये, मरणोत्तर.

म्हणजे शोध लागला, सिद्धही झाला. पण बांगलादेशातल्या ६० हजारांहून जास्त खेड्यांपर्यंत पाकिटं पोचवणार कोण? कारखाने, गाड्या, रस्ते, पैसा, कशाचाच पत्ता नव्हता. १९८० च्या आसपास तिथे दर हजारातली दोनशेच्या जवळपास मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जात होती. पाचातलं एक.

लोबोन-गूड

ब्रॅकने विचार उलटा केला. पाकीट घरात पोचत नसेल, तर घरात आधीच काय आहे? मीठ आहे आणि गूळ आहे. बंगालीत लोबोन आणि गूड. गुळात साखर तर असतेच, वर थोडं पोटॅशियमही असतं.

प्रश्न मापाचा होता. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला ते घातक ठरतं. कमी पडलं तर उपयोग नाही. आणि घरात ना तराजू, ना मोजायचा चमचा. मग ठरलं: तीन बोटांत, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत बसेल तेवढी चिमूटभर मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. आपल्याकडे जुनी माणसं याला अच्छेर म्हणायची. तेवढं पाणी मोजता यावं म्हणून घरातल्याच भांड्यावर खूण करून द्यायची. आयांनी केलेल्या द्रावणाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतले, कारण अंदाजाचं काम जिवाशी खेळ ठरलं असतं.

१९७९ मध्ये शाल्लामध्ये प्रयोग झाला आणि १९८० पासून मोठं काम सुरू झालं. पद्धत अशी. खेड्यापाड्यांतल्या, थोडंफार शिकलेल्या तरुणींना प्रशिक्षण द्यायचं. त्यांनी घरोघरी जायचं. सभा घ्यायची नाही, पत्रक वाटायचं नाही. एका वेळी एक आई. तिच्यासमोर बसायचं, आजार समजावून सांगायचा, द्रावण करून दाखवायचं आणि मग तिच्याकडून करून घ्यायचं. लक्षात ठेवायला सुरुवातीला दहा मुद्दे होते, पुढे ते सात केले. दिवसाला मोजकीच घरं. पुढचं गाव बहुतेक पायी. १९८० च्या ग्रामीण बांगलादेशात बायांनी असं गावोगाव फिरणं हेच अनेकांना खटकत होतं. त्या बोलणी खात चालत राहिल्या.

आता इथे आबेद यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. या कार्यकर्त्यांना पैसे कसे द्यायचे? घरं मोजून दिले, तर त्या घाईघाईने घरं उरकणार. म्हणून नियम केला. शिकवून काही आठवडे गेले की वेगळी माणसं जाऊन काही घरं सोडतीसारखी निवडणार. त्या आईला किती मुद्दे आठवतात, द्रावण बरोबर करता येतं का, हे बघणार. त्यावर शिकवणारीची कमाई ठरणार. आईला काहीच आठवलं नाही, तर त्या घराचे पैसे नाहीत.

जरा थांबून विचार करा. शाळेत नापास कोण होतं? विद्यार्थी. इथे आईला आठवलं नाही तर नापास होत होती शिकवणारी.

सगळं पाठ, पण वापर नाही

हे छान चाललं. आयांना मुद्दे तोंडपाठ होते, बहुतेकींचं द्रावणही बरोबर होतं. कुठलीही संस्था इथे थांबली असती. अहवाल छापायला एवढं भरपूर होतं.

ब्रॅकने पुढचा प्रश्न विचारला. तुमच्या मुलाला खरंच जुलाब झाले, तेव्हा हे पाजलं का?

उत्तर आलं, आणि ते वाईट होतं. दहातली एकसुद्धा धड नाही.

मला या सगळ्या गोष्टीतला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. शोधाचा नाही, पुरस्काराचा नाही, तर हाती आलेला हा केविलवाणा आकडा आणि तो दडवून न ठेवणं. पैसे देणारे परदेशात बसलेत, त्यांना काय सांगायचं? बाया ऐकत नाहीत, अडाणी आहेत, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

त्यांनी कारणं शोधली.

पहिलं कारण घरातच निघालं. कार्यकर्त्यांनाच विचारलं, तुम्हाला स्वतःला जुलाब झाले तर काय घेता? अनेकींचं उत्तर होतं, गोळ्या. जिचा स्वतःचा विश्वास नाही, तिचं कोण ऐकणार? आई बोलणाऱ्याचा चेहरा वाचते. मग कार्यकर्त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेलं आणि द्रावण अंगात नेमकं काय करतं ते समजावलं. पाठ करून बोलणाऱ्या मुली आता समजून बोलायला लागल्या.

दुसरं कारण भाषेचं, आणि ते मला फार आवडतं. ब्रॅकचे लोक म्हणत होते 'डायरिया'. पण गावात जुलाबांची वेगवेगळी नावं होती. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूधहागा, खाणं बाधलं तर अजीर्ण, आव पडली की आमाशा, आणि पाण्यासारखे भयंकर जुलाब म्हणजे डायरिया. अजीर्ण तर आपणही म्हणतो! आयांनी शिकवलेलं अगदी बरोबर ऐकलं होतं: डायरियाला लोबोन-गूड. पण बहुतेक वेळा मुलाला त्यांच्या मते डायरिया झालेलाच नसायचा. मग कशाला पाजायचं? चूक ऐकणाऱ्यांची नव्हती, बोलणाऱ्यांचा शब्दच वेगळा होता. धड्यात गावातली नावं आली.

तिसरं कारण पुरुष. सगळं आईला शिकवलं, बापाला कुणी विचारलंच नाही. मूल आजारी पडलं की निर्णय तो घेणार, आणि त्याला गुळाचं पाणी म्हणजे औषध वाटत नव्हतं. मग पुरुष कार्यकर्ते बाजारात, शाळेत, मशिदीत जाऊन बोलले. गावातल्या वैदू-डॉक्टरांना सोबत घेतलं. रेडिओवरून सांगितलं.

वापर वाढत गेला. १९९० पर्यंत चितगावचा डोंगराळ भाग सोडला तर जवळजवळ सगळा ग्रामीण बांगलादेश पायाखाली घालून झाला होता. सव्वा कोटींच्या आसपास घरं, आणि प्रत्येक घरी समोरासमोर बसून शिकवलेलं.

आज बांगलादेशात पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचं प्रमाण हजारी तीसच्या आसपास आलंय. हे सगळं एकट्या गुळाच्या पाण्याने झालं, असं म्हणणं खोटं ठरेल. लसीकरण आलं, मुली शिकल्या, पाणी-संडास सुधारले, सरकारने आणि इतर संस्थांनी काम केलं. पण जुलाब झाल्यावर तोंडाने द्रावण पाजण्यात बांगलादेश जगात पुढच्या रांगेत आहे. त्याच्या मुळाशी त्या चालत गेलेल्या मुली आहेत.

"मग आमच्या मुलांना कोण शिकवणार?"

गोष्टीला अजून एक वळण आहे. ब्रॅकच्या वर्गांना येणाऱ्या बाया विचारायला लागल्या, आम्हाला शिकवता, आमच्या मुलांचं काय? सरकारी शाळा लांब, वेळा सोयीच्या नाहीत, मुलींना तर घरीच ठेवतात.

१९८५ मध्ये ब्रॅकने २२ शाळा काढल्या. शाळा म्हणजे काय, तर गावातलीच भाड्याची एक खोली, बांबूच्या किंवा मातीच्या भिंती. तीसेक मुलं, त्यात बहुसंख्य मुली. शिक्षिका गावातलीच, बहुतेकदा लग्न झालेली, स्वतः जेमतेम माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेली. तिला प्रशिक्षण द्यायचं आणि वरचेवर देत राहायचं. शाळेची वेळ पालकांना विचारून ठरवायची, कापणीच्या दिवसांत त्याप्रमाणे बदलायची. पुढे अशा हजारो शाळा झाल्या.

पद्धत तीच होती. गावात आधीच काय आहे? मीठ-गूळ आहे. तशी एक शिकलेली सूनही आहे. तिथून सुरुवात करा.

हा विचार तेव्हा एकट्या बांगलादेशात चालू नव्हता. १९७० च्या दशकात आपल्या नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर बायांना आरोग्यसेविका बनवायला सुरुवात केली. एकमेकांपासून दूर असलेली ही माणसं एकाच ठिकाणी पोचली. डॉक्टरकडे असलेलं ज्ञान घरात गेलं नाही, तर कितीही दवाखाने बांधा, ते पुरणार नाहीत.

आपण काय घ्यायचं?

एक, ब्रॅकला देव्हाऱ्यात बसवू नका. पुढे ही संस्था अवाढव्य झाली, कर्जवाटपात उतरली, बँक आणि विद्यापीठही काढलं. सूक्ष्म कर्जावर आणि इतक्या मोठ्या संस्थेच्या ताकदीवर टीकाही होते, आणि ती ऐकण्यासारखी आहे. आबेद २०१९ मध्ये गेले. मी आज बोललो ते त्या पहिल्या वीस वर्षांबद्दल.

दोन, तब्येतीची गोष्ट. आज मेडिकलमध्ये ओआरएसचं पाकीट सहज मिळतं, सरकारी केंद्रात फुकट मिळतं. ते मिळत असताना चिमूट-मुठीचा प्रयोग करू नका, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घोळा. आणि रंगीत, गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. साखर जास्त झाली की आतड्यात पाणी उलट ओढलं जातं, जुलाब वाढू शकतात. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, पिऊनही टिकत नसेल, तर थेट दवाखाना गाठा.

आणि तीन, देणगीची गोष्ट. तुमच्यातले बरेच जण वाढदिवसाला, दिवाळीला फोनवरून एखाद्या संस्थेला पाचशे-हजार पाठवतात. पाठवा, जरूर पाठवा. फक्त पुढच्या वेळी 'किती लोकांपर्यंत पोचलात' याच्या पुढचा प्रश्न विचारा. पोचलात त्यातलं किती उरलं? जे फसलं ते काय होतं, आणि मग तुम्ही काय बदललंत? या शेवटच्या प्रश्नाचं ज्यांच्याकडे खरं, अडखळत का होईना, उत्तर असेल, त्यांना पैसे द्यायला मला तरी जास्त आवडेल.

तुमच्या गावात असं काम करणारी एखादी लहान संस्था असेल तर मला जरूर कळवा. आणि घरी आजीला विचारून बघा, जुलाबाची तुमच्याकडे किती नावं आहेत. हसू नका, खरंच विचारा. भेटू पुढच्या भागात.